काकांना पापी दे!

नोव्हेंबर उजाडला की आपल्याकडच्या लहान मुलांना हक्क फुटतात. चौदा तारखेला नेहरूंचा वाढदिवस, वीस तारखेला संयुक्त राष्ट्रांचा जागतिक बालदिन, आणि मधल्या दिवसांत शिशुवर्गातल्या पोरांची धडगत नसते. एकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, ‘मी आहाराचा हक्क’. त्याला सहाला उठवून आणल्यामुळे तो उपाशी आहे. ‘मी खेळण्याचा हक्क’ आठ वाजल्यापासून ओळीत उभा, कारण प्रमुख पाहुणे साडेदहाला यायचे आहेत. ‘मी मत मांडण्याचा हक्क’ या चिमुरडीचं मत असं, की तिला शू लागली आहे. मिस म्हणतात, ‘आधी का नाही सांगितलंस? आता भाषण झाल्यावर.’ पाहुणे येतात, मुलांना फुलांची उपमा देतात आणि पुढची चाळीस मिनिटं त्या फुलांना पाणी सोडायला जाऊ देत नाहीत.

ज्या कागदाच्या नावाने हा सोहळा चालतो, तो बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर झाला. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी तो मान्य केला. त्यात चोपन्न कलमं आहेत. मत मांडण्याचं बारावं आणि खेळण्या-विश्रांतीचं एकतिसावं पोस्टरवर चांगली दिसतात. बेचाळिसावं कुणी पोस्टरवर घेत नाही. त्यात सरकारला बजावलं आहे, की या करारात काय लिहिलंय ते मोठ्यांना आणि मुलांना, दोघांनाही, नीट समजावून सांगा. मोठ्यांचा उल्लेख आधी आहे बरं का. आपण सोयीचं तेवढं उचललं. कार्यशाळा मुलांची, आणि आई-बाबा बाहेर गाडीत एसी लावून बसलेले. तास संपला की विचारायचं, ‘काय शिकवलं आज?’

‘माझं शरीर माझं आहे.’

‘व्हेरी गुड. बूट घाल लवकर, आत्याकडे मुंज आहे.’

मुंजीत काय होतं ते सांगायला नको. पोरगी दारातून आत आली, की या मांडीवरून त्या मांडीवर. गाल ओढले जातात. ज्यांच्या मिशा टोचतात आणि तोंडाला तंबाखूचा वास येतो असे एक काका प्रत्येक खानदानात राखीव असतात. ते हात पसरतात. पोरगी आईच्या साडीमागे लपते. ‘अगं, दे ना काकांना पापी! काका रागावतील हं. काकांनी तुला ड्रेस आणलाय ना?’ म्हणजे आदल्या दिवशी शाळेत शिकवलं, की कुणी काही देऊन जवळ ओढत असेल तर ठामपणे नाही म्हणायचं. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कुटुंबासमोर त्याच धड्याची परीक्षा घेऊन तिला नापास केलं. तिने खरंच ‘नको’ म्हटलं तर आत्याबाई म्हणणार, ‘फार आगाऊ झालीय हो.’

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन अगदी लहान मुलींवरच्या अत्याचाराची बातमी आली. लोक रेल्वे रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास थांबल्या. मग गावोगावच्या शाळांनी घाईघाईने चांगला स्पर्श–वाईट स्पर्श या विषयाची व्याख्यानं लावली. व्हायलाच हवी होती. पण जाणकार बाई येऊन बाहुलीवर कुठे हात लावू द्यायचा नाही ते दाखवून जातात, आणि ती बाहुली पाहणाऱ्या मुलीला ‘नाही’ हा शब्द वापरायचा सराव घरी एकदाही मिळत नाही, याकडे बघायला कुणाला सवड आहे? काका बहुधा निर्दोषच असतात. प्रश्न काकांच्या चारित्र्याचा नसून तिच्या नकाराची घरात किंमत किती, याचा आहे. ती शून्य आहे हे तिला तिसऱ्या वर्षीच कळलं, तर दहाव्या वर्षी ती आपल्याकडे येऊन काही सांगेल ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

बदलापूरच्या प्रकरणाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. सुनावणीत न्यायमूर्तींनी मुलग्यांना लहानपणीच शिकवायला हवं, असंही बोलून दाखवलं. ते वाक्य फारसं कुणी मनावर घेतलं नाही. स्पर्शाच्या व्याख्यानात मुलींनी स्वतःला कसं जपायचं हे असतं. पाच वर्षांच्या बंड्याने समोरच्या मुलीची वेणी ओढली आणि ती ‘सोड’ म्हणाली, तर सोडायचं, एवढं साधं त्याला सांगायची वेळ आली की आजी मध्ये पडते: ‘अहो, खोडकर आहे. कृष्ण आहे कृष्ण!’

बरं, संकटात सापडलं तर मुलाने कुणाकडे जायचं? कार्यशाळेत सांगतात: पोलीस काकांकडे, डॉक्टरांकडे, शाळेच्या वॉचमनकडे. छान. आता याच मुलाला आपण गेली तीन वर्षं जेवू कसं घातलं ते आठवा. ‘घास संपव, नाहीतर पोलीस धरून नेईल.’ ‘झोपतोस का डॉक्टरांना सुई घेऊन बोलावू?’ ‘तो बघ वॉचमन, रडणाऱ्या मुलांना पोत्यात घालतो.’ जगात मदत करायला बसलेली जेवढी माणसं आहेत, ती सगळी आपण बागुलबुवाच्या खात्यावर भरती केली. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाला. लक्षात राहावा म्हणून तो ‘दहा-नऊ-आठ’ असा म्हणायला शिकवतात. पोराने तो पाठही केला आहे. फोन उचलणारा पोलिसांना पाठवेल, या धास्तीने तो लावणार मात्र नाही.

खेळण्यांचं प्रकरण तर दिवाणी दाव्याच्या लायकीचं आहे. पाहुण्यांचा पोरगा येतो, तो तुमच्या पोराची लाल गाडी उचलतो. तुमचा पोरगा किंचाळतो. ‘शेअर कर रे, पाहुणा आहे ना तो!’ पाहुणा जाताना गाडीही जाते, कारण ‘राहू दे हो, त्याला आवडलीय तर.’ उद्या याच न्यायाने पाहुणेबाईंनी तुमच्या कपाटातली पैठणी उचलली आणि ‘आवडलीय’ म्हणाल्या तर? तीन वर्षांच्या माणसाची जगातली सगळी इस्टेट ती चारचाकी. तिच्या मालकाला न विचारता ती दान केली, की तो दोन गोष्टी शिकतो. एक, आपल्या वस्तूवर आपला हक्क नाही. दोन, जो मोठा असतो त्याला दुसऱ्याची वस्तू वाटून टाकता येते. दुसरी गोष्ट तो लगेच धाकट्या बहिणीवर करून बघतो आणि धपाटा खातो. आपण म्हणतो, कुठून शिकला कोण जाणे.

आता दुसऱ्यांचा मान राखण्याकडे वळू. यात आपण स्वतःला पारंगत समजतो. वाकून नमस्कार, ‘अहो आजोबा’, ‘या बसा’, शुभं करोति. पाहुण्यांसमोर हे सगळं घडवून आणतो आणि कौतुकाने बघतो. मात्र आजोबांच्याच वयाचा वॉचमन खाली स्टुलावर बसलेला असतो, त्याला आपण ‘ए’ म्हणून हाक मारतो. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा, तो सिंकच्या खालच्या कप्प्यात. त्यांनी कोणत्या लिफ्टने यायचं याची सोसायटीने पाटी लावली आहे. चार वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही, पण ती पाटी त्याला सगळ्यात आधी कळते. कुणापुढे वाकायचं आणि कुणावर खेकसायचं याचा नकाशा त्याच्या डोक्यात पक्का होतो, आणि त्यात त्याची स्वतःची जागाही ठरते: वर आजोबा, मग बाबा, मग मी, खाली मावशी. पुढे शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समता येईल तेव्हा तो ती पाठ करेल आणि पैकीच्या पैकी गुण मिळवेल.

ज्यांनी हे धडे द्यायचे त्यांचंही बघा. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना चालू आहे. गावातल्या, वस्तीतल्या लहानग्यांच्या वजनापासून खिचडीपर्यंत आणि गाण्यांपासून लसीकरणापर्यंत सगळं अंगणवाडी सेविका बघतात. सरकारदरबारी त्या कर्मचारी नाहीत; मानधनावर काम करणाऱ्या, म्हणजे समाजसेवेची हौस असलेल्या बाया. त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे हे ठरायला २०२२ उजाडावं लागलं, तेही सर्वोच्च न्यायालयात. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा पोरांचा आहार बंद पडल्याबद्दल हळहळणाऱ्यांना, या बायांच्या घरीही पोरं आहेत आणि तीही जेवतात, हे सुचलं नाही. आणि आपण त्यांना सांगणार, ‘ताई, मुलांना हक्क शिकवा हं.’

कायदा काय म्हणतो? कायदा लहान मुलांच्या बाबतीत सहाव्या वाढदिवसाची वाट बघतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या लेखी मूल म्हणजे सहा ते चौदा. त्याच्या कलम १७ ने शाळेतला मार आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आणली, १ एप्रिल २०१० पासून. उत्तम. सहाच्या आतल्यांसाठी राज्यघटनेचं पंचेचाळिसावं कलम आहे, त्यात राज्य ‘प्रयत्नशील’ राहील असं म्हटलंय. सरकारी भाषेतला प्रयत्न किती प्रयत्नशील असतो, हे वाचकांना माहीत आहेच. आणि घरातल्या माराचं काय? पूर्वीच्या दंड संहितेचं ८९वं कलम न्याय संहितेत २७ क्रमांकाने आलं. बारा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हितासाठी पालकाने, किंवा पालकाच्या संमतीने दुसऱ्याने, सद्भावनेने केलेली कृती काही अपवाद वगळता गुन्हा धरायची नाही, असा त्याचा मथितार्थ. डॉक्टरने पोराचं ऑपरेशन करायला हे कलम लागतं, हे खरं. पण घराघरात सद्भावनेला जे आकार येतात, त्यात पट्टी, उलथनं आणि बाथरूमची स्लीपर हे प्रमुख.

स्वीडनने १९७९ मध्ये घरातसुद्धा मुलांना मारायला बंदी केली. असं करणारा तो जगातला पहिला देश. तिथल्या सरकारने मग एक गंमत केली. नव्या कायद्याची माहिती दुधाच्या खोक्यांवर छापली. सकाळी न्याहारीच्या टेबलावर आई, बाप आणि पोर एकाच वेळी ती वाचणार. बेचाळिसावं कलम जन्माला यायच्या दहा वर्षं आधी त्याची अंमलबजावणी. आपल्या दुधाच्या पिशवीवर फॅटचं प्रमाण छापतात. बाकी माहितीसाठी जागा होईल, पण ती वाचून आजोबांचं दूध नासेल.

आजोबांचा मुद्दा मात्र ऐकून घ्यायला हवा, कारण तो सगळ्यांच्या मनात असतो. ‘हक्क-बिक्क शिकवाल तर पोरं डोक्यावर मिरे वाटतील.’ त्यांच्यासमोर पुरावाही हजर असतो: सूनबाई. या नव्या पालकांनी तीन पुस्तकं आणि तीस रील पचवलेली असतात. ‘बेटा, तुला काय वाटतं, आज इंजेक्शन घेऊया का?’ ‘बेटा, आपण पुण्याला शिफ्ट व्हायचं की नाही, तुझं मत सांग.’ बेटाचं वय अडीच. बेटाला ज्यावर मत देता येतं असे विषय आहेत: निळा शर्ट की पिवळा, आधी गोष्ट की आधी अंघोळ, काकांना पापी द्यायची की लांबूनच टाटा करायचा. ते त्याला कुणी विचारत नाही. घरकर्जाचा निर्णय मात्र त्याच्यावर सोपवतात आणि त्याने भोकाड पसरलं की म्हणतात, आम्ही त्याच्या भावनांचा आदर करतो. पलीकडच्या टेबलावर जेवणाऱ्यांना भावना नसतात. हॉटेलात पाच वर्षांचं पोर दुसऱ्यांच्या ताटात हात घालतं आणि पालक अभिमानाने व्हिडिओ काढतात, यावर आजोबा चिडले तर मी आजोबांच्या बाजूने.

आणि गंमत म्हणजे मुलांचं खरोखर ऐकून घेणं आपल्याकडे फार आधी, फार कमी पैशांत करून झालं आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ पासून कोसबाडची टेकडी. आदिवासी पाड्यातली मुलं बालवाडीत येत नव्हती, तेव्हा या बायांनी ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही’ असं नेहमीचं वाक्य फेकलं नाही. मुलं का येत नाहीत ते बघायला गेल्या. कडेवर धाकटं भावंड, मागे गुरं, येणार कशी? मग बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात भरवली. माँटेसरीबाईंच्या महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पानं. मुलाचं म्हणणं ऐकणं ते हेच, आणि ते ऐकायला मुलाने भाषण करावं लागलं नाही. आज अंगणवाडी हा शब्द सगळ्या देशाने उचलला. अंगणात जायची तसदी मात्र तिथेच टेकडीवर राहिली.

आणखी एक माणूस या बाबतीत आपल्या सगळ्यांच्या पुढे होता. यानुश कोर्चाक. वॉर्साचे बालरोगतज्ज्ञ. १९१२ पासून ज्यू अनाथ मुलांचं घर चालवत. त्यांनी तिथे मुलांचं न्यायालय काढलं. न्यायाधीश मुलं. कुणीही कुणावरही फिर्याद करायची: ढकललं, चिडवलं, वस्तू लपवली. ‘कुणीही’मध्ये शिक्षक आले, आणि स्वतः डॉक्टरसाहेबही. न्यायालयाची संहिता त्यांनीच लिहिली, आणि तिच्यासारखी संहिता आमच्या वाचनात नाही. पहिली नव्व्याण्णव कलमं सोडून देण्याची! चुकून झालं, रागात झालं, पुन्हा करणार नाही म्हणतो, आधीच पस्तावलाय, फिर्याद फालतू आहे, सोडा. दोष आहे असं म्हणायला शंभरावं कलम उजाडतं. घराबाहेर काढायची शिक्षा हजाराव्या कलमात.

कोर्चाक यांच्यावर सहा महिन्यांत पाच वेळा खटला भरला गेला, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. एका पोराच्या कानशिलात दिली. एकाला झोपायच्या खोलीतून हाकललं. एकाला कोपऱ्यात उभं केलं. एका न्यायाधीशाचा अपमान केला. तो न्यायाधीश म्हणजे काय वयाचा असेल ते ताडा. एका मुलीवर चोरीचा आळ घेतला. पाचही वेळा ते आरोपी म्हणून उभे राहिले. आपल्याकडे एखाद्या मुख्याध्यापकांना केजीतल्या पोरांपुढे असं उभं करून बघा. संध्याकाळपर्यंत विश्वस्तांची तातडीची सभा भरेल, शिक्षक संघटना काळ्या फिती लावेल, आणि फिर्यादी पोराच्या पालकांना दाखला न्यायला बोलावतील.

ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी त्या घरातल्या सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीच्या गाडीत घातलं. कोर्चाक यांना वाचायची संधी होती; ती त्यांनी नाकारली आणि मुलांबरोबर गेले. बालहक्कांचा करार व्हावा असा प्रस्ताव १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडला तो कोर्चाक यांच्याच पोलंडने. तेव्हा पुठ्ठ्याच्या पाट्या गळ्यात अडकवताना दोरीला थोडं सांभाळून धरा.

तर माझी सूचना अशी, की येत्या बालदिनाला फॅन्सी ड्रेस रद्द करून प्रत्येक मराठी घरात कोर्चाक यांच्या धर्तीवर एक न्यायालय बसवावं. जागा: जेवणाचं टेबल. न्यायाधीश: घरातलं सहा वर्षांखालचं मूल, उंच खुर्चीवर. शेजारची मुलगी असली तर जोड-न्यायाधीश. पहिली फिर्याद आईवर: परवानगीशिवाय लाल गाडी दान केली. दुसरी बाबांवर: ‘पाच मिनिटांत खेळायला येतो’ म्हणून लॅपटॉपमागे अंतर्धान. तिसरी आजीवर: पोलिसांची बदनामी. चौथी काकांवर: मिशा. पाचवी सगळ्या घरावर, फिर्यादी मावशी: त्यांचा कप सिंकखाली का? काळजी नसावी, नव्व्याण्णव कलमं सोडून देणारी आहेत आणि मुलं मोठ्यांपेक्षा ती जास्त वापरतात.

आरोपींनी आरोप नाकारले, तरी पुरावे मिळायची पंचाईत नाही. करारातल्या सोळाव्या कलमाने मुलाला खासगीपणाचा हक्क दिला. २०२३ च्या आपल्या विदा संरक्षण कायद्याने मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती सक्तीची केली. कुंपणच शेत खातंय, हे तो कायदा करताना कुणाच्या ध्यानात आलं नसावं. पोर पॉटीवर बसल्यापासून काकांच्या मिशीला भिऊन रडेपर्यंत सगळं आईने स्वतःच स्टेटसला लावून ठेवलं आहे, तारीखवार, वर तीन हसरे चेहरे टाकून. न्यायाधीशांनी फक्त मोबाईल जप्त करायचा. त्यांना पासवर्ड ठाऊक आहे.